ह्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ

पुण्यात दुसऱ्याची चूक काढायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे आमचे हे त्या बाबतीत फार उदार आहेत. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी घड्याळांचा अभ्यास आरंभला. जेवताना जावयानं कौतुकानं मनगट पुढे केलं, "बाबा, क्रोनोमीटर घेतलं."

"क्रोनोग्राफ," हे म्हणाले. "स्टॉपवॉच असलेला तो क्रोनोग्राफ. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेच्या परीक्षेत पास झालेलं घड्याळ. तुमचं परीक्षेला बसलेलं दिसत नाही."

जावयानं श्रीखंड दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. शेजारी आपल्या घड्याळाला 'वॉटरप्रूफ' म्हणाले, त्यांनाही ऐकावं लागलं, "वॉटर रेझिस्टंट म्हणा. हात धुण्यापुरतं."

एवढं ज्ञान, पण बायपासनंतर डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, तर खुर्ची सुटेना. मी भांडले, रडले. "डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात," एवढंच उत्तर. मला खरंच भीती वाटायला लागली होती. शेवटी वाढदिवसाला एक साधं, सेलवर चालणारं घड्याळ आणलं आणि ठोकून दिलं, "ऑटोमॅटिक आहे. हात हलला तरच चालतं. बसून राहिलात तर बंद पडेल."

ह्यांनी सेकंदकाट्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून सारसबागेकडे फेऱ्या सुरू झाल्या. घड्याळशास्त्री फसले म्हणून मी तीन वर्षं मनातल्या मनात हसत होते.

परवा हे अंघोळीला गेले आणि टेबलावर घड्याळ बंद पडलेलं दिसलं. आता सगळं उघडं पडणार! मी ते उचलून नारायण पेठेतलं घड्याळाचं दुकान गाठलं. "जरा पटकन सेल बदला."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "मागचा सेलही मीच घातलाय. दीड वर्षापूर्वी साहेब स्वतः आले होते. म्हणाले, घरी हे ऑटोमॅटिक आहे, बोलायचं नाही."

"म्हणजे त्यांना तेव्हा कळलं?"

"तेव्हा कशाला? सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा टकटक उड्या मारतो, ऑटोमॅटिकचा सरकत जातो, बाई. जाणकाराला पाहताक्षणी कळतं."

चाळीस वर्षांत माझ्या आमटीतलं मीठसुद्धा ज्यांनी कधी सोडलं नाही, त्यांनी ही चूक पहिल्याच दिवशी गिळली होती. माझे डोळे दुकानातच भरून आले.

घरी आले तर हे चपला घालून घड्याळ शोधत होते. मी पुढे केलं. ते बांधत गंभीरपणे म्हणाले, "ऑटोमॅटिक आहे. तासभर तरी हलवायला हवं."

मीही चूक काढली नाही.