मालतीअक्कांची चूकवही

मालतीअक्का पंचाहत्तर वर्षांच्या होताहेत हे मला अजून खरंच वाटत नाही! मागच्याच आठवड्यात त्या बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या रस्त्यावर माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या आणि वळून आपल्या कानडी वळणात म्हणत होत्या, "स्वल्प, जरा पाय उचल गं!" अक्कांच्या या गौरवग्रंथासाठी लिहाल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी फोनवर इतक्या मोठ्यानं "हो" म्हणाले, की शेजारच्या काकू दार वाजवून काय झालं ते विचारून गेल्या.

अक्कांची पहिली भेट नऊ वर्षांपूर्वीची. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मी नागपूरहून बेंगळुरूला आले होते आणि ती नोकरी सोडून समाजसेवा करायला निघाले होते. जे. पी. नगरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर अक्कांच्या संस्थेचं कार्यालय आहे. कामगार बायांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवणारी ही संस्था. मी लॅपटॉप उघडून आलेखांवर आलेख दाखवले. अक्कांनी सगळे पाहिले आणि विचारलं, "काल तुझं काय चुकलं?"

"काल? काहीच नाही," मी तोऱ्यात म्हणाले.

"सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या. "म्हणजे काल सुट्टी होती वाटतं!"

नोकरी मिळाली, पण कान लाल झाले ते झालेच.

अक्कांचं घराणं तीन पिढ्यांपासून जयनगरचं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. एखादा भाग बिघडला की कोणाला धारेवर धरण्याआधी तो सर्वांसमोर मेजावर ठेवायचा, ही त्यांची शिस्त. अक्कांनी तीच आमच्याकडे आणली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही सगळे जाजमावर बसतो, वस्तीतल्या बायाही येतात, आणि प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची. वाक्याची सुरुवात "मी" या शब्दानंच करायची. सांत्वन करायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, फक्त विचारायचं, "मग आता काय करायचं?" सगळं एका जाड वहीत उतरतं. आम्ही तिला चूकवही म्हणतो. पहिली चूक नेहमी अक्कांची असते. मोठमोठ्या संस्थांचे झकपक अहवाल मी पुष्कळ वाचलेत, पण माणसं शिकताना मला दिसली ती या जाजमावरच.

आता माझा पराक्रम सांगते. पीण्यात छोट्या कारखान्यांच्या गल्लीत आमचं नवं पाळणाघर निघालं आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी मोठ्या हौसेनं एक ॲप बनवून घेतलं. संध्याकाळी मूल न्यायला कोणी आलं की आईच्या फोनवर ओटीपी जाणार, तो सांगितला तरच मूल हातात मिळणार. सुरक्षा म्हणजे सुरक्षा! महिना चांगला गेला. मग एका संध्याकाळी रत्नम्मा आल्या. त्या इडलीची गाडी लावायच्या, आणि त्यांच्या शेजारणीची दोन वर्षांची शशी आमच्याकडे असायची. शेजारणीला ऐन वेळी ओव्हरटाइम लागला होता आणि तिचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा होता. ओटीपी कुठून येणार? मी मूल दिलं नाही. आई येईपर्यंत शशी रत्नम्मांकडे हात पसरून दीड तास रडत होती, आणि मी नियमावर बोट ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मुलं गळायला लागली. पंधरवड्यात चार उरली. विश्वस्त म्हणाले, पुढच्या शनिवारी येऊन पाहू, नाहीतर हे केंद्र बंद करू. मी अहवालात लिहून मोकळी झाले, "मातांमध्ये जागृतीचा अभाव." अक्कांनी अहवाल वाचला, घडी घालून पिशवीत टाकला आणि मला घेऊन थेट इडलीच्या गाडीवर गेल्या. रत्नम्मा कन्नडमध्ये जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, "तुमच्याकडे मूल एकदा दिलं की परत मिळत नाही, असं सगळी गल्ली म्हणते." अरे बाप्पा! जागृती तर गल्लीभर झाली होती.

त्या शनिवारी विश्वस्त जाजमावर बसले होते, रत्नम्माही होत्या. अक्कांनी सुरुवात केली. "मी चुकले. हिनं मला ते ओटीपीचं दाखवलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. कळलं नाही हे सांगायची मला लाज वाटली." संस्थेच्या संस्थापक, आणि हे विश्वस्तांसमोर! माझी पाळी आली. मी "आपल्याकडून" म्हणून सुरू केलं. अक्का हळूच म्हणाल्या, "मी म्हण." मग म्हणाले. त्या संध्याकाळचं सांगितलं आणि रत्नम्मांनाच विचारलं, "मग आता काय करायचं?"

रत्नम्मांनी क्षणभरही विचार केला नाही. सकाळी आईनं मूल न्यायला येऊ शकणाऱ्यांची दोन नावं सांगायची, आणि संध्याकाळी दारात वस्तीतली चेहरे ओळखणारी बाई बसवायची. "मीच बसते," त्या म्हणाल्या. विश्वस्तांनी तीन महिने दिले. सभेनंतर मी जिन्यात रडत होते, तर अक्का मला जयनगरात डोसा खायला घेऊन गेल्या. "रडून झालं? सरी. आता चटणी घे."

आज त्या पाळणाघरात पाय ठेवायला जागा नाही! आणि खरी गंमत पुढेच आहे. गेल्या वर्षी रत्नम्मांनी शनिवारचं जाजम गल्लीतच पसरलं. तिथं एका कारखान्याचा सुपरवायझर उभा राहिला आणि म्हणाला, "मी ओव्हरटाइम ऐन वेळी सांगतो, चूक माझी." आता तो दुपारच्या जेवणाआधी सांगतो. समाज बदलतो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दिसलं.

गौरवग्रंथ निघतोय म्हटल्यावर अक्कांनी विचारलं होतं, "त्यात चुकांना किती पानं?" म्हणून अक्का, हे एक पान. त्या शनिवारी मी चूकवहीत लिहिलं होतं, "मी मूल दिलं नाही, कारण न्यायला आलेल्या बाईंची ओळख पटली नाही." ते खोटं होतं. मी रत्नम्मांना ओळखत होते, रोज त्यांच्याच गाडीवर नाश्ता करत होते. मला फक्त माझं ॲप बरोबर ठरवायचं होतं. आठ वर्षं हे मनात ठेवलं. कालच रत्नम्मांना सांगून आले. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं. अक्कांनाही."

अक्का, तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही मी स्वतः सांगायची वाट पाहिलीत. आणखी पुष्कळ वाट पाहायची आहे, आमच्या चुका अजून संपलेल्या नाहीत. तेव्हा गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा, शंभरी ओलांडा. आणि येत्या शनिवारी एकदाच तुमचा मान मला द्या. पहिली चूक मी सांगते.