लासलगाव गप्प झाले ती दुपार

शेवाळे साहेबांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या एका हुकमाने. नाशिकच्या टेलिफोन खात्यात मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, त्या सकाळी साहेबांनी मला यंत्रकक्षाच्या दारातच थांबवले आणि सांगितले, की आठवडाभर या खोलीत हात पाठीमागे बांधून फिरायचे. कशाला बोट लावायचे नाही आणि काचतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या, टोकात डोकावून पाहायचे नाही, कारण त्यातला उजेड दिसत नाही, पण डोळा घेऊन जातो. मी पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी; मला चांगलाच राग आला. शेजारच्या टेबलावरची मंडळी हसली. साहेब बागलाणचे आहेत, हुशार आहेत, पण स्वतःच्या सावलीला भितात, असे त्यांनी मला हळूच सांगून ठेवले.

साहेबांच्या एकसष्टीच्या या ग्रंथात त्यांच्या हुशारीविषयी इतर लिहितीलच. मला त्यांच्या भीतीविषयी लिहायचे आहे. तिच्या आधाराने मी नोकरी केली, आणि तिच्याविषयी माझे एक देणे राहून गेले आहे.

साहेबांची भीती स्वतःपुरती नसे. एकदा दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांसाठी चर खणताना आमची केबल तुटली. बागवाले पोलिसांच्या धास्तीने घरात लपून बसले होते. आमच्यातले दोघे आरडाओरडा करायला पुढे झाले, तेव्हा साहेबांनी त्यांना मागे घेतले आणि दारातूनच सांगितले, "दादा, बाहेर या. तुमच्याइतकाच मीही घाबरलोय." बागवाल्यांनी चहा केला. नंतर साहेब त्या रस्त्यावरच्या प्रत्येक बागेत पायी गेले आणि कोण कधी खणणार आहे ते लिहून घेऊन आले. त्या पट्ट्यात पुन्हा केबल तुटल्याचे मला आठवत नाही.

नव्वदीचे दशक संपत आले होते. तोवर लासलगावच्या किंवा दिंडोरीच्या केंद्रात बिघाड झाला, की फोन करून विचारायचे, नाहीतर जीप काढायची. नव्या सॉफ्टवेअरमुळे जिल्ह्यातली सगळी काचतंतूंची केंद्रे नाशिकच्या एका पडद्यावर दिसणार होती. ठीक असेल तर चौकोन हिरवा, बिघडले तर लाल. ते बसवायला कंपनीचा एक तरुण इंजिनियर बंगळूरहून आला होता. सॉफ्टवेअर चढवून झाले, की एकेका केंद्रातल्या जोडण्यांची यादी संगणकात ओढून घ्यायची. त्यासाठी पडद्यावर एक बाण होता. बाणाचे तोंड केंद्राकडून संगणकाकडे हवे. ते उलटे राहिले, तर संगणकातली कोरी यादी केंद्रात जाते, आणि केंद्र तिलाच खरे मानून होत्या नव्हत्या त्या सगळ्या जोडण्या सोडून देते. मग त्या गावातून बाहेर एकही फोन लागत नाही.

साहेबांना त्या बाणाने पुरते पछाडले. सॉफ्टवेअर चढवण्याआधी आठ दिवस त्यांनी आम्हाला प्रत्येक केंद्राच्या जोडण्या वहीत हाताने उतरवायला लावल्या. केंद्रातल्या माणसाने फोनवर वाचायचे, आम्ही लिहायचे, पुन्हा वाचून दाखवायचे, मग खूण करायची. हे सगळे यंत्र आपोआप करते, असे कंपनीचा इंजिनियर हसत हसत सांगत होता. त्याच्याबरोबर मीही हसले. शिवाय अशी कामे सगळीकडे रात्री होतात. साहेबांनी मुद्दाम दुपार धरली. रात्री चूक झाली तर सकाळपर्यंत कळत नाही, दिवसा लोक लगेच दारात येतात, असे त्यांचे म्हणणे. लासलगावला कांद्याचा लिलाव जेवणासाठी थांबतो, तेवढा वेळ त्यांनी त्या केंद्रासाठी नेमला.

खुर्चीत मी होते. शेजारी कंपनीचा इंजिनियर, मागे साहेब. मी बटण दाबले. हिरवा चौकोन आधी राखाडी झाला, मग लाल. साहेबांच्या तोंडून फक्त "वही कोठे शे?" एवढेच निघाले. फार घाबरले, की साहेब अहिराणीत जात. वही त्यांच्याच हातात होती.

केंद्रांना आपसात बोलायला एक वेगळा फोन असे. तो या जोडण्यांवर अवलंबून नव्हता, म्हणून तेवढा जिवंत होता. तो वाजला. लासलगावचे तंत्रज्ञ खैरनार बोलत होते. "मॅडम, इथं समदं लाल झालंय. एसटीडी बूथवाले दारात आलेत. दवाखान्याचा माणूस बी आलाय, नाशिकला रक्तासाठी फोन लागत नाय म्हणतो. काय सांगू त्याला?"

सातपूरला वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडून वर्ष झाले होते, घरात माझी एकटीचीच नोकरी, आणि तीही अजून कायम झालेली नव्हती. ती गेली, हे मला तिथेच कळून चुकले. त्यात तो रक्तासाठी आलेला माणूस डोळ्यांपुढून हलेना. उठून पळून जावे, असे वाटत होते. साहेबांनी खुर्ची ओढली. "पगारे, पाणी प्या. मग मी वाचतो, तुम्ही टाइप करा. दवाखान्याची लाइन ज्या जोडणीवर आहे ती पहिली."

एकूण त्रेसष्ट जोडण्या होत्या. एक आकडा चुकला तर लासलगावचा माणूस भलत्याच गावात बोलू लागणार. साहेब वाचत, मी टाइप करी, ते पडद्यावरून पुन्हा वाचत. आवाज शांत होता, पण प्रत्येक ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. पहिल्या जोडणीनंतर खैरनारांनी कळवले, की दवाखान्याचा फोन लागला. लिलाव पुन्हा सुरू झाला तेव्हा अकरा जोडण्या उरल्या होत्या. त्याही झाल्या.

मग अहवालाची वेळ आली. लासलगावची वीज गेली असे लिहून टाका, असे कंपनीच्या इंजिनियरने सुचवले. आपल्याकडे वीज गेली यावर अविश्वास कोण दाखवणार? मी आशेने साहेबांकडे पाहिले. ते म्हणाले, "उद्या हे दुसऱ्या जिल्ह्यात बसणार. तिथं खुर्चीत बसणाऱ्याला हा बाण कोण सांगणार?" मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "पगारे, दाबण्याआधी शंका आली होती का?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि माझा जबाब मला लिहायला लावला. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, की बटण दाबले जात असताना आपण भीतीने डोळे मिटून घेतले होते. ते उघडे असते तर उलटा बाण आपल्याला दिसला असता.

ते वाक्य वरच्या कचेरीपर्यंत पोहोचले आणि खात्यात हशा पिकला. डोळेमिटे साहेब असे नाव पडले. त्या वर्षीची त्यांची बढती हुकली. मला ताकीद मिळाली. पुढचे चार महिने टपाल आले, की मी आधी माझ्या नावाचे पाकीट शोधी. शेवटी नोकरी कायम झाल्याचे पत्र आले. तोवर साहेबांनी मला दिंडोरीच्या केंद्रासाठी पुन्हा त्याच खुर्चीत बसवले होते. त्या वेळी त्यांचे डोळे सताड उघडे होते. दोघांनी बाणावर बोट ठेवून "तिकडून इकडे" असे मोठ्याने म्हणायचे आणि मगच दाबायचे, अशी त्यांनी रीत घातली. पुढे ती सूचना म्हणून इतर जिल्ह्यांतही गेली.

आता माझे देणे. त्या दुपारी मला शंका आली होती. बाण उलटा वाटतो आहे, हे मनात येऊन गेले होते. मागे वळून विचारायला क्षणभर पुरला असता. पण शेजारी तो बंगळूरचा मुलगा बसला होता आणि मला साहेबांसारखे भित्रे दिसायचे नव्हते. साहेबांनी आपली लाज सगळ्या खात्यापुढे लिहून दिली. मी माझी लपवली. इतकी वर्षे त्यांच्या समोर बसून चहा प्याले, पण हे सांगायचे धाडस झाले नाही.

साहेब, आपण शतायुषी व्हा, अंगाने धडधाकट आणि मनाने असेच राहा. हा ग्रंथ आपल्या हाती येईल तेव्हा मला बोलावून घ्या आणि तो प्रश्न पुन्हा एकदा विचारा. या वेळी मी हो म्हणेन.