आजोबांचं दुसरं बारसं

माझ्या आजोबांचं बारसं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते, चांगल्या जाड मिशा होत्या, आणि पाळणा म्हणून अंगणातल्या आंब्याला लुगड्याची झोळी बांधली होती. ते बसले तेव्हा फांदी करकरली आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या, असं आजी सांगते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात ही गोष्ट अजून हसल्याशिवाय कोणी सांगत नाही. पण तिची सुरुवात हसण्यासारखी नव्हती.

एकाहत्तरच्या लढाईत आजोबा सीमेवर होते. डिसेंबरात तार आली, शिपाई भगीरथ बेपत्ता. मेला असं तारेत कुठेही नव्हतं. माणूस सापडत नसेल तर बारा वर्षं वाट बघायची, अशी रीत. आमच्या लोकांना चार महिनेही धीर निघाला नाही. कारण आजोबांची धाकटी बहीण जना हिचं लग्न ठरलं होतं आणि घरात असं अधांतरी असताना मांडव घालायला तिचे सासरचे तयार नव्हते. मग पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला आणि दहावाही उरकून टाकला.

आजी, म्हणजे प्रेमा, तेव्हा सतरा वर्षांची होती. ती बांगड्या फोडू देईना. दोन दिवस हात पदरात गुंडाळून कोपऱ्यात बसून राहिली. शेवटी जना तिच्या पाया पडली आणि माझं लग्न मोडेल म्हणून रडली. तेव्हा आजीनं हात पुढे केले. हे काम एरवी म्हाताऱ्या विधवांचं, पण आजी दुसऱ्या कोणाला शिवू देईना. बांगड्या जनानंच फोडल्या, पाट्यावर.

पुढच्या डिसेंबरात आजोबा शत्रूच्या कैदेतून सुटून आले. मुरबाडपर्यंत एसटीनं, पुढे चालत. पोरं भूत म्हणून पळाली. आजोबांच्या वडिलांनी त्यांना दारातच मिठी मारली आणि दारातच थांबवलं. ज्याची क्रिया झाली तो तसाच घरात येऊ शकत नाही, त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. वर्षभर परक्या तुरुंगात काढलेला हा माणूस आपल्याच गावच्या देवळात तीन रात्री झोपला. मला आजही याचा राग येतो. आजोबांना कधीच आला नाही. उलट म्हणायचे, देवळात जेवण चांगलं मिळालं.

मग ते बारसं. जनाला सासरहून बोलावलं आणि तिनं त्यांच्या कानात नवं नाव सांगितलं, अनंता. दुसऱ्या दिवशी हळद लावून आजीशी पुन्हा लग्न लावलं. एकाच बायकोशी दोनदा लग्न करायला खरी हिंमत लागते, त्याचं पदक मात्र कोणी देत नाही, असं आजोबा तिच्यादेखत म्हणायचे आणि ती त्यांच्या ताटात मुद्दाम करपलेली भाकरी वाढायची.

फौजेतून सुटल्यावर त्यांनी भातसानगरला पहारेकऱ्याची नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी भातशेती. लढाईबद्दल फार बोलत नसत. भाजीवाली तोलून झाल्यावर वर मूठभर घालते ना, तसा हा आपला जन्म वरचा आहे, असं त्यांचं गणित होतं. डाळ अळणी झाली तरी वरची. एसटी चुकली तरी त्या निमित्तानं झालेल्या गप्पा वरच्या. मी तशी तापट, नाकावर राग घेऊनच जन्मले. दहावीला नापास झाले तेव्हा घरात सगळे माझ्यावर ओरडत होते. आजोबांनी मला शेतावर नेलं, शेकोटीत चवळीच्या शेंगा भाजून दिल्या आणि परीक्षेचा शब्दही काढला नाही. आज मी शहापूरला औषधांच्या दुकानात उभी आहे ती त्या शेंगांमुळे, असं मी मानते.

दर वर्षी दिवाळीआधी ते आजीला शहापूरच्या बाजारात घेऊन जात आणि कासाराकडे हिरव्या बांगड्या भरवत. बांगड्या चढेपर्यंत शेजारी उभे राहत. गेल्या वर्षी त्यांना चालवेना म्हणून मी गेले. परत आल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"रुपाली, मी गेल्यावर आजीच्या हाताला कोणी हात लावायचा नाय," ते म्हणाले. "तिनं माझं मरण एकदा भोगलंय. तेवढं बस झालं."

मी शब्द दिला.

यंदा फाल्गुनात, सकाळचा चहा पिऊन, ते गेले. अंगणात भावकी जमली. तिरडी बांधून होत आली तशी दोन म्हाताऱ्या आजीजवळ सरकल्या. रीत ती रीत, एकीनं सांगितलं. बाबा खाली मान घालून बसले होते. मी भांडायच्या तयारीनं पुढे झाले, पण मला कोण विचारतंय, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात रिक्षातून जना आजी उतरली. सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी अधू. बावन्न वर्षांत ती बांगड्या फोडल्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. भावाच्या पायाशी डोकं टेकवून ती सरळ आजीसमोर येऊन बसली आणि तिची दोन्ही मनगटं तिनं आपल्या मुठींत धरली. मला वाटलं, आता संपलं.

"एकदा मी फोडल्या, तवा माझा भाऊ जिता होता," ती त्या बायकांना म्हणाली. "माझ्या लग्नासाठी फोडल्या. आता कोण हात लावतंय ते मी बघते."

कोणी लावला नाही. म्हाताऱ्या मागे सरकल्या. मी जना आजीच्या पाठीशी बसून ढसाढसा रडले. जे मला जमलं नसतं ते तिनं केलं, आणि आजोबांना दिलेला माझा शब्द तिनं पाळला. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तिरडी उचलायची वेळ झाली तरी तिच्या मुठी सुटत नव्हत्या.

"जना, सोड गो आता," आजी हळूच म्हणाली. "त्यांच्या तोंडावरून हात फिरवायचाय मला."