धुऱ्यावरचं फ्लॉरेन्स

दोन वाटा फुटल्या की तो थांबायचा. जवळच्या झुडपाची पानांसकट एक डहाळी मोडायचा आणि ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर ती आडवी टाकायचा. मागे कुणी येत असो वा नसो. मग हात झटकून म्हणायचा, "चुकलो त चुकलो, पाहून त घेऊ!" चुकू नये म्हणून एवढी काळजी घेणारा माणूस लगेच चुकायची तयारीही कशी ठेवतो, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

डहाळी टाकायची रीत तशी तिकडची जुनीच. सालेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचायला, लाकडं आणायला माणसं पुढेमागे जातात. पुढच्याने नको त्या वाटेवर डहाळी टाकायची आणि मागच्याने ती ओलांडायची नाही. हाका नाहीत, आरडाओरडा नाही. तुम्ही त्या भागात फिरला असाल तर अशी डहाळी पाहिलीही असेल, आणि बहुधा पायाने बाजूला सारून पुढे गेला असाल. मीही तेच केलं होतं. अंधार पडायच्या आत त्यानेच मला शोधून आणलं.

मी वर्ध्याकडचा. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा सालेकशाजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून गेलो. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि आमची शाळा एका कौलारू खोलीत. मास्तर मी एकटा, चपराशी हा डहाळीवाला एकटा. चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा बडवून तो शाळा भरवायचा आणि बडवून झालं की त्या तुकड्याला टाच जुळवून सलाम ठोकायचा.

"लोखंडाला सलाम कशाला?" मी एकदा विचारलं.

"त्याचा हुकूम सारे आयकतात जी. तुमचा कोनी आयकत नाई."

हे खरं असल्यामुळे मी विषय वाढवला नाही.

सलाम पलटणीतला होता. मोठ्या लढाईच्या वेळी तो आणि मंसाराम, एकाच गल्लीतले लंगोटीयार, बरोबरच भरती झाले आणि फिरत फिरत इटलीत पोचले. तिथे फ्लॉरेन्स शहरात त्यांना थोडी सुट्टी मिळाली. साताऱ्याकडचा एक दोस्त बरोबर घेऊन तिघे पाठीवर पिठ्ठू बांधून शहर पाहायला निघाले. पिठ्ठूत काय, तर तांदूळ. का, तर "परक्या मुलखात भाताचा भरवसा नाई जी."

आता हा माणूस शहरात गेला म्हणून काय रीत सोडणार? नदीकाठच्या झाडांच्या डहाळ्या मोडून त्याने पिठ्ठूत खोचल्या आणि प्रत्येक चौकात नको त्या रस्त्यांवर एकेक टाकत निघाला. येताना डहाळ्या पाहत सरळ परत यायचं, असा बेत. दुपारी परत फिरले तर रस्ते लख्ख. लढाईने अर्धं शहर मोडलं होतं, पण झाडूवाला आपल्या कामाला चुकला नव्हता.

"मास्तर, आमची पुरी वाटच झाडून नेली ना त्यानं!" हे सांगताना दरवेळी तो तितकाच हसायचा.

तिघे घाबरले. भाषा येईना, कुणाला विचारावं कळेना. तेव्हा मंसाराम म्हणाला, "चुकलो त चुकलो, पाहून त घेऊ!" वाक्य मुळात मंसारामचं होतं. मग ते चुकतच हिंडले, आणि म्हणून त्यांना ते शहर दिसलं. पुलावरच दुकानं थाटलेला जुना पूल दिसला. बाकीचे पूल जर्मनांनी उडवले होते. केवढा तरी मोठा घुमट दिसला, आणि त्यावर आपल्याकडे असतात तशी लाल कौलं. एका म्हातारीने त्यांना घरात बोलावलं. त्यांनी तिला तांदूळ दिले. तिने ते कांद्याच्या रश्श्यात रटरटवून गिचका करून पुढे ठेवले. मंसारामने एक घास घेतला, म्हातारीला हाताला धरून बाजूला बसवलं आणि पेज गाळून मोकळा भात कसा करतात ते तिच्याच चुलीवर करून दाखवलं. म्हातारीने तो खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. दोघंही आपापल्या भातावर ठाम राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डोंगरात सुरुंग फुटला आणि मंसारामचे डोळे गेले. डोळ्यांनी त्याने धड पाहिलेलं शेवटचं काही असेल तर हे शहर.

मी गावात आलो तेव्हा मंसाराम घरापुढच्या छपरीत बसून असायचा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, छपरी. दारातल्या खांबापलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं. शेत, गुरं, बाजार, सारं त्याची बायको सगुणा पाहायची. कुणी चल म्हटलं की तो म्हणायचा, "मले आता भायेर पाहाचं का हाय?" कुणी हात धरला तर झटकायचा. आमच्या चपराशाला एकच ध्यास होता: मंसारामने पुन्हा चालावं, आणि कुणाचा हात न धरता चालावं. हे त्याने मला सांगितलं नाही. त्याने मला फ्लॉरेन्स पाहायला नेलं.

धान कापून झालं होतं. रविवारी सकाळी तो खोलीवर हजर. "चला जी, शहर पाहाले. पाठीवर काई घ्या. रिकाम्या पाठीनं शहर दिसत नाई." मी दप्तराच्या पिशवीत चिवडा घालून ती पाठीला बांधली आणि निघालो. गावाबाहेर रिकाम्या बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे ते लहान लहान तुकडे, आणि त्यांच्या कडेने मातीचे उंच धुरे. "या बांध्या म्हंजे घरं," तो म्हणाला, "अन धुरे म्हंजे रस्ते. हा नाला म्हंजे नदी. मोहाचं झाड घुमट. नाल्यावरच्या मोरीवर आले का पूल लागला." धुरे जिथे एकमेकांना मिळत तिथे नको त्या धुऱ्यावर डहाळी पडलेली होती. पाठीला चिवडा बांधून मी यडपटासारखा त्याच्यामागे युरोप हिंडलो. मोहाखाली बसून आम्ही चिवडा खाल्ला. घुमटाच्या सावलीतली ती जागा म्हणजे म्हातारीचं घर.

पुढच्या रविवारी त्याने माझ्या डोळ्यांवर गमछा बांधला आणि हातात काठी दिली. "काठी डहाळीले लागली का तो रस्ता सोडाचा." मी दोनदा बांधीत पडलो. त्याने मला उठवलं नाही. धुऱ्याची उंची, वळणं, डहाळीची जागा, सगळं तो मनात पुन्हा मांडत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे शहर माझ्यासाठी नव्हतंच, माझ्यावर नुसता सराव चालला होता. राग यायला हवा होता, पण मला तो माणूस त्या दिवसापासून फारच आवडायला लागला.

मंसारामला छपरीतून उठवायची त्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. त्याने त्याला चल म्हटलंच नाही. तो मला घेऊन छपरीत बसला आणि मला फ्लॉरेन्स सांगू लागला. सगळं चुकीचं.

"मंग पुलावरून उतरलो का घुमट डाव्या हाताले."

मंसारामने मान वर केली. "उजव्या."

"डाव्या गा. मी होतो ना."

"तू होता त मी का घरी होतो? उजव्या हाताले! अन आदी तो चौक."

"चौक नवता."

"नवता? काऊन नवता? थ्या चौकात तर तुया डहाळ्या सरल्या!"

"मास्तर, याले काई याद नाई रायलं. डोक्स्यावर परिनाम झाला."

मंसाराम उभा राहिला. "चल. कुठी बनवलं तू ते शहर? चल, दाखवतो तुले!"

सगुणा दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडात धरला. मंसारामने खांब ओलांडला तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो, आणि तो मात्र शिव्या देत चालला होता.

त्या दिवशी त्याने आमच्या चपराशाचं सगळं शहर मोडीत काढलं. पूल हलवला, चौक वाढवला, घुमट मोहावरून उचलून पलीकडच्या आंब्याखाली नेला. पुढे हिवाळाभर दोघे रोज जात. काठी धुऱ्यावर टकटक करत मंसाराम पुढे आणि हा मागे. मिरगाचा पाऊस आला की शहर पाण्यात जायचं, तिथे धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, व्हायची. दिवाळीनंतर ते पुन्हा वर यायचं. अशी बरीच वर्षं गेली. मंसाराम बाजारापर्यंत जायला लागला, तलावावर आंघोळीला जायला लागला. पण कितीही सुधारला तरी मागे दोस्ताची चाहूल हवी असे. ती थांबली की तोही थांबायचा.

आणि मग चपराशाची बदली झाली. अर्जुनी मोरगावला, मोठ्या शाळेत. पगार बरा, पोरीच्या शिक्षणाची सोय. जायलाच हवं होतं.

मंसाराम दोन दिवस छपरीतून हलला नाही. मग म्हणाला, "जा ना. मी का धरलं तुले?"

"टेसनावर ये पोचवाले."

"कोन आनते मले?"

"कोनी नाई. एकटा ये. मी डहाळ्या टाकून ठेवतो."

जायच्या दिवशी पहाटेच उठून त्याने गावापासून स्टेशनापर्यंत नको त्या सगळ्या धुऱ्यांवर डहाळ्या टाकल्या. फाल्गुन होता, पळसाला फुलं होती पण पान नव्हतं, म्हणून त्याने उंबराच्या टाकल्या. बायको-पोर आधीच मोरगावला गेली होती. मी त्याची पेटी उचलली आणि आम्ही दोघे स्टेशनावर जाऊन बसलो. गोंदियाची गाडी यायला वेळ होता. तो सारखा गावाकडच्या वाटेकडे बघत होता.

वाटेवर आधी दिसल्या त्या शेळ्या. धान निघाल्यावर रान मोकळं असतं, कळपच्या कळप चरत असतात. त्या रमतगमत स्टेशनाच्या आवारात आल्या. सगळ्यांत पुढच्या शेळीच्या तोंडातून उंबराची डहाळी लोंबत होती, आणि ती शांतपणे चावत होती.

त्याचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांत तो असा दिसला नव्हता.

"मी जातो," मी उठत म्हणालो, "घेऊन येतो त्याला."

त्याने माझं मनगट धरलं. "बसा जी."

"अरे पण तो कुठे नाल्यात-बिल्यात..."

"मास्तर, आज तुमी हात धरून आनला त तो पुन्यांदा छपरीतून उठनार नाई. बसा." हात सुटत नव्हता.

सिग्नल पडला. वाटेवर कुणी नव्हतं. गाडी आली. मी पेटी आत ठेवली. तो पायरीवर उभा राहिला, एक हात दांडीला, डोळे वाटेवर.

"कोनत्या डब्यात हायेस बे?"

आवाज भलत्याच बाजूने आला. रूळ ओलांडायच्या फाटकाकडून, तलावाच्या अंगाने, मंसाराम येत होता. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, कोपर खरचटलेलं, काठी पुढे.

"मंसा! इकडून कसा आला गा?"

"तुया डहाळ्या कुठी होत्या? सारे धुरे मोकळे! तलावात पाय गेला तवा समजलं का आपन उलटे आलो."

"मंग?"

"मंग का? चुकलो त चुकलो, पाहून त घेतलं." तो धापा टाकत हसला. "तलावात पानी हाय अजून. अन काठावरचा मोह फुलाले आला. वास येऊन रायला."

शिटी झाली. आमचा चपराशी रडत होता आणि हसतही होता. गाडी हलली तसा त्याने पायरीवर टाच जुळवून सलाम ठोकला.

"त्याने सलाम..." मी सांगू लागलो.

"मालूम हाय," मंसाराम म्हणाला, आणि चाकांच्या आवाजाकडे तोंड करून त्याने सलाम केला. शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली आला नाही.

चपराशाची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. माझीही बदली झाली, आणि मोरगावला जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं. तो आठवला की मला गाडी सुटल्याचा क्षण आठवत नाही. आठवतो तो मंसाराम आणि मी स्टेशनावरून परतलो तेव्हाचा रस्ता.

शेळ्यांनी डहाळ्या खाल्ल्याचं सांगत मी त्याचा हात धरला होता. "हात सोडा जी मास्तर," मंसाराम म्हणाला, "मांगून या." मी मागे राहिलो. दोन वाटा फुटल्या तिथे त्याची काठी थांबली. तो वाकला, चाचपडत एका झुडपाचं पान हातात घेऊन त्याने हुंगलं.

"हे रुईच ना जी?"

"हो, रुई आहे."

"बरं झालं. शेळ्या खात नाई हे."

त्याने डहाळी मोडली, चिकाचे हात धोतराला पुसले आणि तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर ती आडवी टाकली. मग काठी टकटक करत तो गावाच्या वाटेला लागला, आणि मी डहाळी न ओलांडता त्याच्या मागे निघालो.