एका रकान्यात दोन घड्याळं

कुठलाही आकडा ऐकला की ओपा विचारत, "कोणी मोजलं?" मला अडतीस सेल्सियस ताप आहे म्हटलं तरी हेच. आइंडहोवनजवळच्या आमच्या बेसबॉल क्लबचे ते म्हातारे ट्रेनर. इथली डच मुलं आजोबांना ओपा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. मला तेव्हा वाटे, माणूस संशयी आहे. मी फेल्डहोवनला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात मोजमापं करून नुकतीच निवृत्त झालेली, दशांशचिन्हापुढे तीन घरं दिसली की हात जोडणारी. वय एकसष्ट, तोरा वर्गात पहिल्या आलेल्या पोरीचा.

ओपा मोजत नसत असं नाही. त्यांच्या खिशात वही असे. एकीच्या हातून चेंडू सुटला, तर तिच्या मागे आधीच कोण येऊन उभं होतं, याच्या तीत खुणा. माझ्या नातीच्या, इराच्या नावापुढे अशा खुणांची रांग होती.

"हे कुठल्या यंत्रात येतं?" मी ऐटीत विचारलं.

"येत नाही. म्हणून तर लिहितो."

त्या वर्षी प्रादेशिक संघासाठी दोन मैदानांवर शोकेस झाली. शोकेस म्हणजे मुलींनी पळायचं, फेकायचं, मारायचं आणि कपाळावर आकडा घेऊन घरी जायचं. आमच्या मैदानावर वेळ घ्यायला लेझरचं फाटक होतं. दुसरीकडे एक पालक हातात स्टॉपवॉच घेऊन उभे. निवड समितीला याद्या जुळवायला कोणीतरी हवं होतं. मी उडी मारून पुढे झाले, दोन्हीकडच्या वेळा एक्सेलच्या एकाच रकान्यात ओतल्या, वर रंगही भरले. इरा थोडक्यात निवडीच्या रेघेखाली गेली. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

"आकड्यात आलंय ते खरं, बाळा," मी तिला समजावलं. हे आठवलं की अजून स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

ओपांनी यादी पाहिली आणि मला मैदानात नेलं. फाटक अजून तिथेच होतं. माझ्या हाती स्टॉपवॉच देऊन त्यांनी इराला पळवलं. माझ्या घड्याळात ती फाटकापेक्षा चांगलीच वेगवान निघाली. यादीत सहज बसली असती.

"तिचा पाय हललेला दिसला, मग तुम्ही बटण दाबलंत," ओपा म्हणाले. "तेवढा वेळ तिला फुकट. त्या मैदानावर प्रत्येकीला मिळाला, इथे कोणालाच नाही. तुम्ही मोजमापंच करत होता ना?"

मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

"इराला तुम्ही सांगा. समितीला मी सांगतो."

मी सांगितलं. सायकलचं कुलूप काढता काढता इरा म्हणाली, "सो इट वॉज यू, आजी?" आणि पुढे निघून गेली.

समितीने ओपांना कॉफी पाजली. चूक मान्य आहे, म्हणाले, पण यादी जाहीर झाली आहे. सभ्यपणाला एवढा निर्लज्जपणा जमतो हे मला तिथे कळलं. चौदा वर्षांच्या पोरीचं वर्ष गेलं ते गेलं, का, तर पुन्हा कागद छापायला नको. ओपांनी ट्रेनरचं जॅकेट काढलं, नीट घडी करून टेबलावर ठेवलं, आणि पुन्हा मैदानावर आले नाहीत. त्यावरून मात्र इरा रडली. स्वतःसाठी रडली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात ओपा गेले. समिती अजून दोन मैदानांच्या वेळा एकाच रकान्यात घालते. मी दर वसंतात सविस्तर पत्र लिहिते. उत्तर एकदाही नाही. म्हातारी आहे, थकेल, असं त्यांना वाटत असावं. मी परवाच पाकिटांचा मोठा गठ्ठा आणला आहे.