हरवलेल्या गोट्याची मालकीण

रुख्माबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची ढोरं चारली. गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. सकाळी दारोदारची जनावरं गोळा करायची, डोंगराच्या अंगाला न्यायची आणि दिवस कलला की ज्याची त्याच्या गोठ्यात लावायची. स्वतःची म्हणावी अशी एकच कालवड त्यांना लाभली, आणि तीही एका पावसाळ्यात चरता चरता दिसेनाशी झाली. बिबट्याने नेली, असं म्हणून गावाने हात झटकले. बाई ते मानत नाहीत. हाड दिसलं नाही, कातडं दिसलं नाही, मग नेली कशावरून, हा त्यांचा सवाल अजून कायम आहे.

अशा बाईच्या नातीला आभाळात गोटा सापडला. मोनाली गोंदियाला कॉलेजात आहे. मोठ्या दुर्बिणींनी काढलेले आकाशाचे फोटो तिथल्या मुलांना तपासायला मिळतात. थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो एकामागून एक बघायचे. तारे जागेवर राहतात, एखादा ठिपका सरकतो. सरकला तो लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधे असे गोटे लाखोंनी फिरतात म्हणे. मोनालीने टिपलेला ठिपका कोणाच्याच यादीत नव्हता. त्याची वाट पक्की ठरली की नाव सुचवायचा मान तिचा, आणि तिने आजीचं नाव ठरवूनही टाकलं.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! विहाराच्या भिंतीवर फ्लेक्स लागला. त्यावर मोनालीपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. शेजारी म्हणून मलाही पेढा मिळाला.

पुढे तो गोटा हरवला. आधी चंद्राचा उजेड आडवा आला, मग ढग, आणि नंतर तो कोणत्याच दुर्बिणीला दिसेना. मोनालीच्या भावाने, लोकेशने, फ्लेक्स काढून भाताच्या तणसाच्या ढिगावर पांघरला. गाव विसरलं, पण मोनाली सुट्टीत घरी आली की रुख्माबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला.

"सापडला का वं?"

सातबारा दिराच्या नावे, घर मुलाच्या नावे. म्हातारीला आता नावाची हाव सुटली, असं लोक म्हणू लागले.

परवा मोनाली आली तेव्हा मी ओसरीवरच होतो. बाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"आजी, सापडला," ती तोंड पाडून म्हणाली. "पण आपला नाही. दुसऱ्या देशातल्या लोकांनी तो आपल्या आधीच पाहिला होता. नाव आता तेच देतील."

बाईंचे हात थांबले.

"म्हंजे तो कोठी जाते, कवा येते, हे आता माहीत हाये?"

"हो."

"कोणी नजर ठेवून राहिले त्याच्यावर?"

"ठेवून राहिले ना. पण तुह्यं नाव नाही लागत, आजी."

"नाव घेऊन का करू वं? मले वाटे, माह्या कालवडीवानी गेला का काय. असू दे कोणाच्याही दावणीले. हरवला तर नाही."

एवढं बोलून त्यांनी सूप बाजूला सारलं आणि त्या ढसाढसा रडल्या. कालवड गेली तेव्हा रडायला त्यांना फुरसत नव्हती, त्या डोंगरात शोधत फिरत होत्या. मोनाली घाबरली.

मग पदराने डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या.

"तिलेही कोणी बांधली असन ना गा?"