पाण्याकडचा हात

मावशींनी आजवर चौदा पोरं सांभाळली, आणि चौदातल्या एकाचंही बोट थंडीनं सुजू दिलं नाही. नवरा गेल्यापासून हाच त्यांचा पोटाचा धंदा. दिवसभर लोकांची पोरं सांभाळायची, संध्याकाळी ज्याची त्याला परत करायची. अंगानं काटकुळ्या, जीभ मात्र सुरीसारखी. नव्या आयांना त्या आधीच बजावत, "पोराचे हात गार लागले म्हणून लगेच डॉक्टरकडे पळायचं नाही. मानेखाली बोट घालून बघायचं. मान गरम तर पोर ठीक. पण वाऱ्यात उघडे हात दिसले, तर गाठ माझ्याशी आहे!"

पंधरावी आली टिल्ली. सात महिन्यांची, गालांत खळ्या, आवाज मोठ्या माणसाचा. तिची आई छापखान्यात पुस्तकं शिवायची. अकराच्या सुट्टीत मावशी टिल्लीला बाबागाडीत घालून छापखान्यात नेत, आई तिला पाजायची, की लगेच परत. रस्ता सगळा कालव्याच्या काठानं. जाताना पाणी डाव्या हाताला, येताना उजव्या. हिवाळ्यात तिथला वारा नुसता सोलून काढायचा.

मावशींनी टिल्लीला अंगठा नसलेले हातमोजे विणले होते. आतून मऊ कापडाचं अस्तर, कारण लोकरीचा सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर आफत. तरी एक मोजा रोज निघायचा. छापखान्याच्या दारात बघावं, तर डावा मोजा गाडीत पडलेला आणि हात उघडा. मावशींनी दोन्ही मोज्यांना दोरी शिवून ती कोटाच्या बाह्यांतून ओवली. मोजा पडायचा थांबला, पण निघायचा काही थांबेना. दोरीला लोंबकळत राहायचा.

एके दिवशी त्यांनी तो उघडा हात चोळायला घेतला आणि त्या थबकल्या. हात गरम होता. अगदी आत्ता कुणी मुठीतून सोडावा तसा. मोज्यातला उजवा हात मात्र गारठलेला.

परत येताना उलटं. उजवा मोजा निघालेला, उजवा हात गरम.

मावशींनी आठ दिवस कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. रोज दोन्ही हात तपासले. दर वेळी पाण्याकडचा हात गरम. नवव्या दिवशी त्यांनी टिल्लीच्या आईला छापखान्याच्या जिन्यावर गाठलं.

"हात लाव," त्या म्हणाल्या. "आधी हा, मग तो."

आई हसली. "मावशी, तुम्ही पण ना! मूठ आवळून बसली असेल." तिनं उजवा हात धरला, मग डावा. तिचं हसू विरलं. टिल्लीची डावी मूठ बंद होती, पण पूर्ण नाही. मधे बोटभर जागा राहिली होती. आईनं ती मूठ आपल्या पदराखाली घेतली आणि इकडेतिकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून गल्लीतून या. लांब पडलं तरी चालेल."

गल्ली म्हणजे गोदामांच्या मागची वाट. तिथे मोजे निघाले नाहीत. दोन्ही हात चारचौघांच्या पोरांसारखे गार पडायचे आणि मावशी ते आपल्या शालीत घेऊन फुंकर घालायच्या. जीव भांड्यात पडला. टिल्ली मात्र कालव्याच्या वळणावर आली की रोज रडायची. गाडी गल्लीत वळली की मान मागे वळवून वळवून बघायची.

माघ सरता सरता गल्लीत पाइप टाकायला खोदकाम निघालं. "चार दिवस वाट बंद," मुकादम म्हणाला. "काठानं जा की, मावशी. रस्ता काय खातोय का?"

दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी धुकं असं होतं की कठड्यापलीकडचं पाणी दिसत नव्हतं. काठावर चिटपाखरू नाही. टिल्ली एकदम शांत झाली. मावशींच्या डोळ्यांदेखत डावा मोजा हळूहळू, सुरकुत्या पडत, बोटांकडून ओढल्यासारखा निघाला. टिल्लीचा हात कठड्याकडे लांब झाला. ती खुदकन हसली.

आणि गाडी डावीकडे जाऊ लागली.

मावशींनी दांडा घट्ट धरला. जोर फार नव्हता. पण होता, हे त्या पुढे शपथेवर सांगत. टिल्लीचा पट्टा खांद्यावर ताणला गेला, अर्धं अंग गाडीबाहेर आलं. मावशींची पाचावर धारण बसली. मग त्या पुढे झाल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि टिल्लीचा उजवा हात, मोज्यासकट, आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि पोरांना दटावण्याचा तोच त्यांचा नेहमीचा सूर लावून म्हणाल्या, "हात धरायचा तर धर. पण ओढायचं नाही. ऐकलंस?"

पट्टा सैल झाला. टिल्लीचा हात खाली आला, मुठीत ती बोटभर जागा तशीच ठेवून.

पुढचं सगळं अंतर मावशींनी एका हातानं गाडी ढकलली, दुसऱ्यानं टिल्लीचा उजवा हात धरला. कमरेत उसण भरली. छापखान्यात पोचल्यावर त्यांनी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "ऐकलं त्या पोरानं?"

"ऐकलं," मावशी म्हणाल्या.

टिल्ली आता सहा वर्षांची आहे. तिची शाळा पुलापलीकडे, आणि काठाशिवाय दुसरी वाट नाही. मावशी तिला आणायला जातात. एक हात मावशींच्या हातात, पाण्याकडचा हात उघडा. चालायला लागली तेव्हा तो हात ती आडवा, आपल्या खांद्याच्या उंचीवर धरायची, बरोबरीच्या पोराचा धरावा तसा. मावशींना वाटलं, सवय असेल, जाईल.

गेली नाही. दर हिवाळ्यात टिल्ली उंच झाली, आणि हात थोडा थोडा खाली येत गेला. यंदा तो मांडीपर्यंत आलाय, आणि त्या बाजूनं टिल्ली पावलं लहान टाकते. काल वारा सुटला तेव्हा ती थांबली, खाली वाकली, दोन्ही तळहात ओंजळीसारखे जुळवले आणि त्या रिकाम्या ओंजळीत तिनं तोंडानं ऊब फुंकली.

मावशी तिची दप्तरपिशवी धरून उभ्या राहिल्या. घाई केली नाही.